तळीराम कोणाच्या घरी राहतो?

डिसेंबर संपत आला की मराठी वर्तमानपत्रांत एक माणूस हमखास हजर होतो. त्याला आडनाव नसते, गाव नसते, वय नसते, बायको-मुले नसतात. त्याचे नाव तळीराम. तळीरामांची गर्दी, तळीरामांची पंचाईत, तळीरामांवर पोलिसांची नजर, तळीरामांची झिंग उतरली. निवडणुकीमुळे दुकाने बंद राहणार असली की तळीरामांचा घसा कोरडा पडतो, आणि दारूवरचा कर वाढला की तळीरामांच्या खिशाला कात्री लागते. बातमी उत्पादन शुल्क खात्याची असो, वाहतूक पोलिसांची असो की ड्राय डेची, तिला हा शब्द चिकटवला की ती आपोआप हलकीफुलकी होते. वाचणारा हसतो आणि पान उलटतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षे मराठी शिकवते, आणि वरच्या वर्गांना उर्दूही. दोन्ही भाषांत दारू भरपूर आहे. या लेखात मला दारूबद्दल काही सांगायचे नाही. ती हराम आहे, यावर माझ्याशी वाद घालायला कुणी येऊ नये आणि मला समजवायलाही येऊ नये. मला बोलायचे आहे ते दारू पिणाऱ्या माणसाला आपण लिहिताना कसे वापरतो त्याबद्दल. 'वापरतो' हाच शब्द योग्य आहे. मिठासारखा वापरतो. बातमी आळणी वाटली की चिमूटभर टाकायचा.

आधी तळीरामाचा इतिहास सांगते, कारण तो अनेकांना ठाऊकच नसतो. हा शब्द कोशातून आलेला नाही, राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातून आला आहे. गडकरी १९१९ साली गेले. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हा शब्द आपल्या जिभेवर आहे. नाटकात सुधाकर नावाचा हुशार वकील आहे. त्याची सनद काही काळापुरती रद्द होते, अपमान त्याला सहन होत नाही, आणि तो विसरायला म्हणून तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला करतो. पुढे सगळे घर धुळीला मिळते. सुधाकराच्या हातून नशेत स्वतःचे तान्हे मूल जाते, सिंधू जाते, शेवटी तो स्वतः विष घेतो. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली आणि त्या काळचे प्रेक्षक तिच्यासाठी रडले.

आता मला सांगा, या एवढ्या मोठ्या शोकांतिकेतून मराठी भाषेने काय उचलले? सिंधू नाही उचलली. सुधाकरही नाही उचलला. 'थर्टी फर्स्टला सुधाकरांची गर्दी' असे कुणी लिहीत नाही. दारूने संसार बुडवला तो वकिलाने, मूल गेले ते वकिलाच्या हातून, पण सामान्य नाम झाले ते तळीरामाचे, कारण तो विनोदी आहे, आर्यमदिरामंडळाच्या सभा भरवतो. शिकलेल्या माणसाचे नाव सुरक्षित राहिले. आणि आणखी एक गोष्ट. त्या नाटकात तळीरामाला बायको आहे. तिचे नाव गीता. नवऱ्याचा छळ सोसणारी, घर मोडलेली गीता. तळीराम हा शब्द रोज लिहिणाऱ्या दहा उपसंपादकांना तिचे नाव विचारा. किती जण सांगतील, याबद्दल मला फारशी आशा नाही.

तेव्हा आपल्या लिखाणातल्या दारुड्याला घर का नसते, हा प्रश्न आजचा नाही. आपण गडकऱ्यांच्या नाटकातून हसणे तेवढे ठेवले आणि उरलेले पडद्यामागे ढकलले.

दुसरी गोष्ट अशी की दारुडा हा शब्द पिण्यावरून ठरत नाही, खिशावरून ठरतो. पाहा. देशी दारूच्या दुकानासमोर चपटी घेऊन बसलेला बेवडा. परमिट रूममध्ये बसलेला ग्राहक. क्लबात बसलेला सभासद. घरी काचेच्या कपाटात बाटल्या मांडून ठेवणारा शौकीन. आणि नाशिकच्या द्राक्षमळ्यात जाऊन ग्लास हलवून वास घेणारा रसिक. पाचही जण एकच गोष्ट करतात. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा तर वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे जबाबदार माणसे टीव्हीवर सांगत होती. बरोबर आहे. ज्या पेयाला शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे नाव देता येते ते पिणारा तळीराम कसा होईल?

जाता जाता हेही सांगून टाकते, की आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून अमलात आहे, आणि त्याखाली प्यायचे तर परवाना लागतो. तो परवाना आरोग्य राखण्यासाठी दिला जातो. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रात जो कायद्याने पितो तो तब्येतीसाठी पितो. एवढा मोठा विनोद समोर असताना आमचे विनोदी लेखक गटारात पडलेल्या मजुरावर का वेळ घालवतात कळत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि तो दारू प्यायला होता असा आरोप होता. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. निबंधाची ही शिक्षा ऐकून आम्हा शिक्षकांचे काय झाले ते विचारू नका. आमच्या वर्गात वही विसरली तरी तीनशे शब्द लिहायला लागतात. त्या प्रकरणावर लोक चिडले, वर्तमानपत्रांनीही चिडून लिहिले, चांगले लिहिले. पण इतक्या दिवसांच्या बातम्यांत, मी जेवढ्या वाचल्या त्यांत, तळीराम हा शब्द मला एकदाही दिसला नाही. बेवडा नाही, झिंगाट नाही, काही नाही. तिथे 'अल्पवयीन आरोपी' होता, 'बड्या बापाचा मुलगा' होता. राग होता, पण थट्टा नव्हती. आणि तेच योग्य होते. दोन माणसे मेली असताना थट्टा कोण करेल?

मग जून २०१५ आठवा. मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. मिथेनॉल मिसळलेली दारू. मेलेल्यांत बहुतेक हातावर पोट असलेले. काहींची नजर गेली. मिथेनॉल आधी डोळ्यांवर जाते, माणूस उजेडात बसून अंधार झाला म्हणतो. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये, बी.एड. झालेल्या, पाच वेळा नमाज पढणाऱ्या आणि एकादशी करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकले: बेवडे होते, मेले. कुणी विष विकले, त्यात कुणाचे हात ओले झाले, हे विचारायची गरजच उरली नाही. एका शब्दाने शंभर घरांचा हिशेब मिटवला. शब्दाची ही ताकद मी मुलांना शिकवते, पण असे उदाहरण वर्गात देता येत नाही.

आता त्या दुसऱ्या वाक्प्रयोगाकडे येते. तळीरामापेक्षा तो जास्त नुकसान करतो आणि त्यात विनोदही नाही. 'दारूच्या नशेत'. दारूच्या नशेत पतीने पत्नीच्या डोक्यात वरवंटा घातला. दारूच्या नशेत मुलाने आईला मारले. मराठी व्याकरण शिकवणारी म्हणून सांगते, या वाक्यात कर्ता नवराच आहे, पण वाचताना कर्ता दारू होते. 'दारूच्या नशेत' हे क्रियाविशेषण आधी येऊन बसते आणि सगळा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेते. वाचणारी म्हणते, काय करणार, प्यायला होता. शेजारीण म्हणते, एरवी सोन्यासारखा आहे गं. पोलिसात गेली तर हवालदार म्हणतो, उतरली की येईल ठिकाणावर, जा घरी.

कायदा मात्र असे म्हणत नाही. आपल्या मर्जीने प्यायलेल्या माणसाला नशा हा बचाव मिळत नाही. जुन्या दंडसंहितेत कलम ८५ आणि ८६ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तेच २३ आणि २४ झाले आहेत. कुणी जबरदस्तीने किंवा नकळत पाजली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे न्यायालयात जी सबब चालत नाही ती आपण बातमीच्या पहिल्या ओळीत बहाल करतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीतले आकडे पाहा. ज्यांचे नवरे वारंवार पिऊन येतात अशा बायकांपैकी सुमारे ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक बळजबरी सोसल्याचे सांगितले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच्या शेजारचा आकडा कुणी सांगत नाही. ज्यांचे नवरे थेंबभरही पीत नाहीत अशा बायकांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. जवळजवळ चौघींमधली एक. तिच्या नवऱ्याने कशाच्या नशेत मारले? त्याच्यासाठी आपल्याकडे क्रियाविशेषण नाही. म्हणून तिची बातमीही कमी होते. मी हे मुद्दाम माझ्या मुस्लिम वाचकांसाठी लिहिते आहे. आपल्या घरात दारू नाही म्हणजे आपल्या घरात ती ७० टक्क्यांची गोष्ट नाही, असे समजून जे निवांत आहेत, त्यांनी २३ वाचावे.

दारू हात उगारायला सोपे करते हे खरे आहे, आकडेच सांगतात. पण ती हात कुणावर उगारायचा ते ठरवत नाही. प्यायलेला माणूस गुत्त्याच्या मालकाला मारत नाही. मुकादमाला मारत नाही. घरापर्यंत सगळ्यांना सलाम करत येतो, आणि दार लावल्यावर त्याची नशा जागी होते. एवढी हुशार नशा!

विनोदाबद्दल बोलायला हवे, नाही तर म्हणाल टीचरला हसायला येत नाही. येते. जॉनी वॉकर मला अजून हसवतात. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्यांचे खरे नाव, इंदूरचे, मुंबईत बसमध्ये कंडक्टर होते, आणि पडद्यावर जन्मभर दारुडा रंगवला तरी खऱ्या आयुष्यात पीत नव्हते. त्यांचा दारुडा कुणावर तुटून पडत नाही, त्याच्यामुळे कुणाची फी बुडत नाही. पडद्यावरचे ते एक जुने गोड खोटे आहे. पण त्याच हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षे गोव्याचा ख्रिस्ती माणूस दाखवला की त्याच्या हातात बाटली दिली, आणि मायकल किंवा पीटर हे नाव ऐकले की प्रेक्षक आधीच हसायला तयार. आदिवासी पात्र आले की मोहाची दारू आलीच. पडद्यावरचा मुसलमान काय करतो ते मी तुम्हाला सांगायला नको, सुरमा, ताईत, तलवार, आणि हल्ली बंदूक. त्या साच्याबद्दल आपण दरवर्षी लेख लिहितो, चर्चासत्रे घेतो, आणि घरी येऊन फॅमिली ग्रुपवर बेवड्याचा विनोद पाठवतो, ज्यात बेवड्याचे नाव डिसूझा किंवा गणपत असते. कधी सलीम नसते, हे लक्षात आले आहे का?

शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक छोटे नाटक दारुड्याचे असते. नाव 'व्यसनमुक्ती'. लुंगी, विस्कटलेले केस, बाटलीत काळा चहा, आणि आठवीतला एक उंच मुलगा झोकांड्या खात येतो. पहिल्या मिनिटाला टाळ्या. पुढे बायको रडते, डॉक्टर येतो, शेवटी सगळे मिळून घोषणा देतात. ते सगळे कुणाला आठवत नाही, आठवतात त्या झोकांड्या. बक्षीसही त्यालाच मिळते. मी वर्गशिक्षिका असताना एका वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी नाटक सुरू झाल्याबरोबर उठून नळावर पाणी प्यायला गेली आणि नाटक संपेपर्यंत आलीच नाही. चार-पाच दिवसांनी तिची आई शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. तिच्या नवऱ्याच्या खात्याला तिचे नाव जोडायचे होते आणि बँक सही जुळत नाही म्हणून अर्ज दोनदा परत करत होती. सही जुळत नव्हती, कारण सकाळी त्याचे हात थरथरायचे. थरथर थांबायला आधी घोटभर लागायची, आणि घोटभर घेतल्यावर तो बँकेत येण्याच्या अवस्थेत राहायचा नाही. "टीचर, दस मिनट का टाइम मिलता है बीच में," ती म्हणाली. "उसी दस मिनट में बैंक पकड़ना पड़ता है."

ही दहा मिनिटे मी आजपर्यंत कुठल्या मराठी विनोदात, बातमीत किंवा नाटकात वाचलेली नाहीत. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हात थरथरतात, झटके येतात, भास होतात, आणि वेळेवर उपचार नसतील तर माणूस दगावतोही. म्हणून तर तो सकाळी पितो, मजा म्हणून नाही. ४ मे २०२० ला टाळेबंदीत दारूची दुकाने उघडली आणि रांगा लागल्या, तेव्हा आपण त्या रांगांचे फोटो पाहून किती हसलो! त्या रांगेत मजेसाठी उभे राहिलेलेही असतील, बरेच असतील. पण दीड महिना घरात थरथरत काढलेलेही होते. फोटोत दोघे सारखेच दिसतात आणि मथळा दोघांना एकच शब्द देतो.

उर्दूकडे वळते, कारण माझे उर्दूवाले मित्र आतापर्यंत मनात खूश होत असतील की ही मराठीवाल्यांची गोष्ट चालली आहे. आपल्या उर्दूत दारुड्याची थट्टा नाही, हे खरे. उलट आहे. उर्दू गझलेत पिणारा हा नायक आहे. रिंद मोठ्या मनाचा, खरे बोलणारा. आणि वाइज, जाहिद, शेख हे ढोंगी, कोरडे, चोरून पिणारे. मैकद्यात सगळे समान, साकी दयाळू. दरवर्षी नववीत कुणीतरी विचारतोच, टीचर, शराब हराम है तो शायरी में इतनी क्यों? मी सांगते की हे रूपक आहे, फारसीतून आलेले, कधी ईश्वरप्रेमाचे, कधी ढोंगाविरुद्धच्या बंडाचे. रियाज खैराबादींचे उदाहरण देते. दारूच्या कवितेसाठी एवढा नावाजलेला शायर उर्दूत दुसरा नाही, आणि त्यांनी स्वतः दारूला हात लावला नव्हता असे सांगतात. गालिबांनी मात्र लावला होता, लपवला नाही, आणि उधारीही केली. १८५७ नंतर गोऱ्या कर्नलने मुसलमान आहेस का विचारले, तेव्हा अर्धा आहे, दारू पितो, डुक्कर खात नाही, असे उत्तर दिल्याचा किस्सा आपण सगळेच सांगतो.

किस्सा छान आहे. पण गालिबांच्या बेगमचे नाव किती जणांना माहीत आहे? उमराव बेगम. धार्मिक होत्या, आणि त्यांनी आपली भांडी वेगळी ठेवली होती असे सांगतात. ती वेगळी भांडी हाही आपण किस्साच करून टाकला. मराठीने गीता हरवली, उर्दूने उमराव बेगम. एका भाषेने दारुड्याला विदूषक केले, दुसरीने वली केले. दोन्हीकडे तो रात्री घरी पोचतच नाही. मुशायऱ्यात शराबवरच्या शेराला छत उडेल इतकी दाद देणारे लोक बाहेर पडून रस्त्यावर पडलेल्या माणसाला ओलांडून जातात, तेही विजार वर उचलून, कारण कपडे नापाक होतील. रूपकाला दाद आणि माणसाला लाथ.

आणि आपला मोहल्ला? तिथे तर शब्दच नाही. आपल्यात कोण पीत नाही, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे. देशात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के पितात असे तेच सर्वेक्षण सांगते. त्यात आपले कमी असतील. मला वाटते, असतीलच. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि ज्या घरात एक आहे त्या घराला टक्केवारी काय कामाची? उलट तिथे दुप्पट मरण आहे. शेजारच्या वस्तीतली बाई निदान चव्हाट्यावर येऊन ओरडू शकते, बायका एकत्र येऊन दुकान बंद करण्यासाठी मतदान मागू शकतात. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायकांनी या राज्यात कितीतरी गावांतली दुकाने बंद केली आहेत. आमची बाई ओरडली तर आधी विचारतात, घर की बात बाहर क्यों लाई. 'तबीयत ठीक नहीं' हा आमच्याकडचा शब्द. त्याची तबियत वीस वर्षे ठीक नसते. मराठी वस्तीत त्याला बेवडा म्हणून हसतात, आमच्याकडे तो आजारी असल्याचे नाटक सगळा मोहल्ला मिळून करतो, आणि आजारावरचे औषध मात्र कुणी सुचवत नाही. सुचवले तर मान्य करावे लागेल ना! पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, तिथे सगळ्या जातिधर्मांचे लोक जातात. आमच्या ओळखीतला एक माणूस तिथे नेला, तेव्हा नातेवाइकांना सांगितले की जमातला गेला आहे.

यावर आमचे काही बांधव म्हणतील, मग काय शराबीला डोक्यावर घ्यायचे? हराम करणाऱ्याची लाज काढलीच पाहिजे. त्यांना मी बुखारी शरीफमधली एक गोष्ट सांगते, हुदूदच्या प्रकरणात आहे, त्यांनी काढून वाचावी. प्रेषितांच्या (स.) काळात अब्दुल्लाह नावाचा एक माणूस होता. लोकांनी त्याला हिमार, म्हणजे गाढव, असे टोपणनाव ठेवले होते. तो प्रेषितांना हसवायचा. तो प्यायचा आणि त्याला त्याबद्दल शिक्षाही झाली होती. पुन्हा एकदा पकडून आणले, शिक्षा झाली, तेव्हा गर्दीतल्या एकाने त्याला शाप दिला, किती वेळा आणावे लागते याला म्हणून. प्रेषितांनी त्या शाप देणाऱ्याला थांबवले. हा अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, असे सांगितले. दुसऱ्या एका प्रसंगी, अशाच माणसाला लोक घालूनपाडून बोलू लागले तेव्हा, आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका असे बजावले.

या गोष्टीत शिक्षा माफ झालेली नाही हे लक्षात घ्या. कृत्याला जे उत्तर द्यायचे ते दिले गेले. आणि हसणेही गेलेले नाही. तो माणूस विनोदी होता, त्याच्याबरोबर हसले गेले. अडवले ते फक्त शिव्याशापांना. आपण नेमके उलटे करतो. मारहाणीची शिक्षा 'दारूच्या नशेत' म्हणून माफ करतो आणि शिवी मात्र सोडत नाही.

पुरोगामी मराठी मित्रांचा आक्षेप वेगळा असेल. शब्दांवर एवढे काय, उद्या म्हणाल म्हणीही बदला. मी 'आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला' ही म्हण दरवर्षी शिकवते, पुढेही शिकवीन, तिने कुणाचे घर दाखवलेले नाही आणि लपवलेलेही नाही. राजकीय लेखात सरकार झिंगले आहे असे लिहिणाऱ्यांशीही माझे भांडण नाही, आळशी उपमा आहे एवढेच. समोरच्याचा मुद्दा खोडता आला नाही की 'पिऊन लिहिलंय का' विचारणारे तर उत्तरालाच लायक नाहीत. माझे भांडण आहे ते बातमीशी. बातमीत जिवंत माणूस असतो. 'दारूच्या नशेत' काढा असेही मी म्हणत नाही. लिहा, पण शेवटी लिहा, जिथे तपशील लिहितात तिथे. आधी लिहा कुणी कुणाला मारले, आधी कितीदा मारले होते, तक्रार झाली होती का, आणि ठाण्याने ती घेतली होती का.

एका वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला मी हे सगळे बोलून दाखवले. तो म्हणाला, टीचर, मथळ्यात जागा कमी असते, तळीराम पटकन बसतो. मी त्याला अक्षरे मोजायला लावली. तळीराम चार. माणूस तीन. तो हसला आणि म्हणाला, पण माणूस म्हटले तर कळणार कसे की तो प्यायला होता? मी म्हटले, पुढे लिही की. बातमी कशाला म्हणतात मग? त्याने सांगितले की थर्टी फर्स्टची पुरवणी त्याच्याकडेच आहे, आणि वरिष्ठांनी मथळा आधीच देऊन ठेवला आहे.